ओ आल्यावरच

अबोला नीट धरायचा तर जागा मोठी लागते. दोन खोल्यांच्या घरात तोंड फिरवून फिरवून मान अवघडते आणि माणूस झक मारत बोलायला लागतो. या दोघांकडे मात्र वाटाणे, मका आणि गाजरं गोठवून विकायचा अख्खा कारखाना होता. एकाने फाटकाकडची बाजू धरली, दुसऱ्याने यंत्रांकडची, आणि अबोला हातपाय पसरून बसला. दोघांच्या हद्दी भिडत होत्या त्या फक्त मधल्या कोल्ड रूमपाशी. व्हायचं ते तिथंच झालं.

एक दाजी, दुसरा भाऊ. दाजी म्हणजे ताईचा नवरा आणि भाऊ म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. पॅकिंगच्या बायकांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळे त्यांना असंच म्हणायचे. कारखाना तिघांनी मिळून उभा केला, पण कागदावर भागीदार दोघंच. ताई कागदावर कुठेच नव्हती, ती नुसती असायची. "दाजींना सांग, यंत्राला नवीन पट्टा मागवलाय," असं भाऊने म्हणायचं, ताईने अंगण ओलांडून तो निरोप पोचवायचा, आणि "त्याला म्हणावं, आधी विचारायचं असतं," हे उत्तर घेऊन परत यायचं. परत येताना ती त्यातलं विष वाटेतच सांडून टाकायची. भाऊपर्यंत पोचायचं ते एवढंच, "दाजी म्हणाले, बरं केलंस." अबोला कशावरून सुरू झाला असं विचारलं तर दोघं दोन कारणं सांगत, आणि दोन्ही इतकी फुटकळ होती की सांगता सांगता त्यांचेच कान गरम व्हायचे.

अशी ही ताई मध्यस्थबाईंच्या ऑफिसात आली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "माझ्या नवऱ्याला माझ्या भावानं कोल्ड रूममध्ये कोंडलं."

मध्यस्थबाईंनी पेन खाली ठेवलं.

"भाऊ म्हणतो, चुकून झालं. हे म्हणतात, मारायला बघत होता. हे पोलिसांत जाणार आहेत. गेले तर माझा भाऊ आत जाईल. आणि नाही गेले, तर रोज सकाळी दोघांना एकाच फाटकातून आत जाताना बघायचं. मला झोप नाही हो लागत."

"दार उघडलं कोणी?"

"मी. धडका ऐकू आल्या. ह्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. भाऊ तिथंच होता. खुंट्यांपाशी उभा."

मग तिने दाराची रीत सांगितली. कोल्ड रूमचं दार वीतभर जाड, लावलं की बाहेरून खटका बसतो. आतून उघडायचा दांडा मोडलेला होता, आणि तो कोणी दुरुस्त करायचा यावरही अबोलाच चालू होता. म्हणून तिथं रीत अशी, की दार लावणाऱ्याने आधी "दार लावतोय!" अशी हाक द्यायची आणि जरा थांबायचं. आत कोणी असेल तर तो "ओ" देतो आणि बाहेर येतो. ओ आली नाही, तर आत कोणी नाही. बाहेर खुंट्यांवर कापूस भरलेले जाड कोट टांगलेले असतात, ज्याचे त्याचे. खुंटी रिकामी दिसली तरी कळतं. इतकी वर्षं त्या रीतीने कोणाचा केसही वाकडा झाला नव्हता.

मध्यस्थबाईंचा धंदाच दुसऱ्यांच्या भांडणांचा. मालक आणि कामगार, दुकानदार आणि पुरवठादार, एकाच टेबलावर डबा खाणारे आणि एकमेकांवर केस टाकणारे, असे सगळे त्यांच्याकडे येत आणि कोर्टाची पायरी न चढता घरी जात. या कामात त्यांचा हातखंडा होता आणि तो असल्याचं त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. त्यांचं एकही प्रकरण फिसकटलेलं नव्हतं. ओळखीपाळखीत हे वाक्य त्या दुसऱ्या चहाच्या आधीच बोलून मोकळ्या व्हायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. दाजी उंच, आवाज बसका, बोटांच्या टोकांवरची कातडी अजून सोललेली. भाऊ गोल चेहऱ्याचा, हसरा. घामेजलेले तळवे तो सारखे पँटला पुसत होता. मध्यस्थबाईंनी नेहमीचं सांगितलं. इथं कोण बरोबर हे ठरवायचं नाही, पुढं कसं वागायचं ते ठरवायचं. प्रत्येकाशी वेगळं बोलणं होईल, आणि त्या बंद दारामागं जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. दोघांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी दाजी वेगळ्या खोलीत आले. अर्धा तास पोलीस, वकील, न्याय असं सगळं बोलून झालं. मग मध्यस्थबाईंनी सहज विचारलं, "त्यांनी हाक दिली होती का?"

दाजींनी आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"हे इथंच राहील ना?"

"इथंच राहील."

"दिली होती. ऐकली मी. चांगली स्पष्ट ऐकली. पण इतके महिने तोंड फिरवून बसलेला माणूस, त्याच्या हाकेला मी ओ द्यायची? म्हटलं, येऊ दे दारापर्यंत. वाकून बघू दे. दाजी, आहात का, म्हणू दे. मग देईन."

"आणि दार लागलं."

"लागलं."

मध्यस्थबाईंना मनातून जरा हायसं वाटलं. म्हणजे चूक दोन्हीकडे होती. दोन्हीकडे चूक असली की मिटवायला सोपं जातं. त्या तशाच उत्साहात भाऊच्या खोलीत गेल्या.

भाऊने हसत हसत सुरुवात केली. हाक दिली, ओ आली नाही, रीतीप्रमाणे दार लावलं, आता यात माझं काय चुकलं सांगा. मध्यस्थबाईंनी विचारलं, "खुंट्यांकडे पाहिलंत?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले.

"दाजींची खुंटी रिकामी होती," तो म्हणाला. "म्हणजे आतच होते. मी हाक दिली, ओ नाही. म्हटलं, नाही ना बोलायचं? बरं. खटका बसवला. दोन मिनिटांनी उघडणारच होतो, देवाशप्पथ."

"मग का नाही उघडलंत?"

भाऊने तळवे पुसले. "ते आतून दार वाजवायला लागले. मग हाका मारायला लागले. माझं नाव घेऊन. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझं नाव आलं, बाई. मी ऐकत उभा राहिलो. बरं वाटत होतं."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा बारीक टीं टीं आवाज खोलीत येत होता. मध्यस्थबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"ताई आली नसती तर?" त्यांनी विचारलं.

"आली ना पण," भाऊ म्हणाला.

त्या रात्री मध्यस्थबाईंना अन्न गेलं नाही. जिवाला धोका असेल तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवता येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. कारण न देता प्रकरण सोडूनही देता येतं. पण धोका तर होऊन गेला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे होऊ नये याचीच तर आपण सोय करतोय. आणि सोडून दिलं तर ताईच्या तोंडाकडे कसं बघायचं? शिवाय त्यांचं एकही प्रकरण फिसकटलेलं नव्हतं. हे शेवटचं कारण त्यांनी मनाच्या अगदी तळाशी दडपून ठेवलं, पण खरं ओझं त्याचंच होतं.

पुढच्या बैठकांत एकेक गाठ सुटत गेली. कोणी कुठलं खातं बघायचं, कोणी कोणाला काय आधी विचारायचं, दांडा दुरुस्त करायला माणूस सोमवारी बोलवायचा. दाजींनी पोलिसांचा विषय सोडायची तयारी दाखवली. घोडं अडलं ते दाराच्या कलमावर. मध्यस्थबाईंनी साधंच लिहिलं होतं, 'दार लावण्यापूर्वी आत जाऊन पाहावे, व आत असणाऱ्याने हाकेला ओ द्यावी.'

दाजींनी वेगळ्या खोलीत बोट ठेवलं. "हे 'आत असणाऱ्याने ओ द्यावी' काढा. उद्या कोणी वाचलं तर म्हणेल, हा आत गप्प बसला होता."

भाऊनेही वेगळ्या खोलीत बोट ठेवलं. "'आत जाऊन पाहावे' नको. म्हणजे मी पाहिलं नाही असा अर्थ निघतो. किंवा पाहिलं असा. कसाही वाईटच."

दोघांनाही 'आत' हा एवढासा शब्द खुपत होता, आणि का खुपतो हे त्या इमारतीत फक्त मध्यस्थबाईंना माहीत होतं. सांगता तर येत नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी असं वाक्य बसवलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. 'दार लावण्यापूर्वी एका भागीदाराने हाक द्यावी, आणि दुसऱ्या भागीदाराची ओ आल्यावरच दार लावावे.' म्हणजे यापुढे कोणाच्या गप्प बसण्याने दार लागणार नव्हतं. दोघांतला एक आत असला तरी त्याची ओ कुठून येते ते कळणारच. आणि रोज संध्याकाळी एकदा तरी दोघांना एकमेकांशी बोलावं लागणार. दाजींनी वाचलं, मान हलवली. भाऊने वाचलं, "झकास," म्हणाला. ताईला कोणी दाखवलं नाही. ती करारात पक्ष नव्हती.

सह्या कारखान्यातच करायच्या असं ठरलं. तो शनिवार होता, दांडा दुरुस्त व्हायचा होता सोमवारी, आणि कामगारांना दुपारीच सुट्टी दिली होती. अंगण रिकामं, पट्टे थांबलेले, फक्त कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर घुर्र घुर्र करत होता. ऑफिसात दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. भाऊ म्हणाला, "दाजी, त्या दिवशी गारठलात म्हणून वाचलात, नाहीतर रागानं तापून फुटला असतात." दाजी हसले. भाऊ हसला. दोघं एकाच वेळी, एकाच तालात हसले आणि मध्यस्थबाईंना ते हसणं नको वाटलं. ताई मात्र त्या दोघांकडे बघत बघत डोळे पुसत होती. मग दाजी यंत्रांकडे आणि भाऊ फाटकाकडे, बंद करायला म्हणून निघून गेले.

"तुम्ही रिकाम्या हातानं जायचं नाही," ती मध्यस्थबाईंना म्हणाली. "वाटाणे देते. आमचा पहिला, कोवळा माल आहे."

"अहो, नको. बसनं जायचंय मला."

"नको कसं? आत्ता आणते." आणि ती अंगावरच्या साध्या शालीनिशी लगबगीने बाहेर पडली.

मध्यस्थबाई कागद पिशवीत भरून पायऱ्या उतरल्या. संध्याकाळ होत आली होती. अंगणाच्या पलीकडून दाजींचा बसका आवाज आला, "दार लावतोय!"

आणि फाटकाकडून, मोठ्याने, खणखणीत, भाऊची ओ आली. "ओ, दाजी!"

मध्यस्थबाई आहेत तिथंच थांबल्या. जाड दाराचा धप्प आवाज झाला, खटका बसला. इतके महिने न बोललेली दोन माणसं बोलली होती, आणि ते आपल्या एका वाक्यामुळे. त्यांचा ऊर भरून आला. लोक मध्यस्थाची थट्टा करतात, पण असा क्षण किती जणांच्या वाट्याला येतो?

दाजी हात चोळत आले. "चला बाई, स्टँडवर सोडतो तुम्हाला."

"ताई वाटाणे आणत होत्या."

"वाटाणे? मला तर ती कुठं दिसली नाही. ऑफिसातच असेल, कपबश्या आवरत. ती एकदा आवरायला लागली की तास जातो. वाटाणे उद्या पाठवून देऊ, बस चुकेल तुमची."

फाटकापाशी भाऊ उभाच होता. "मी पण येतो," म्हणत तो दाजींच्या शेजारी पुढं बसला. ताई मागच्या रस्त्याने घरी गेली असेल असं तो धरून चालला होता, आणि कोणी विचारलंच नाही म्हणून तो काही बोलला नाही. त्याने उतरून फाटकाला कुलूप घातलं, परत बसला, आणि गाडी निघाली.

पुढं दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. मागं मध्यस्थबाई पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. रेल्वेचं फाटक ओलांडलं, पेट्रोल पंप गेला. मध्यस्थबाईंच्या कानात ती ओ पुन्हा पुन्हा येत होती. काय मोकळी होती! अगदी उघड्यावरची. कसली आडकाठी नसलेली.

त्यांचा हात पिशवीवर थबकला.

"दाजी, दार लावताना खुंट्या बघितल्यात?"

"बघितल्या की. सगळे कोट जागच्या जागी. आता करारच आहे बाई, ओ आल्यावरच लावलं."

"ओ भाऊंनी दिली."

"मीच दिली," भाऊ वळून म्हणाला. "फाटकातून. का?"

"ताई कोट न घालता गेल्या होत्या," मध्यस्थबाई म्हणाल्या. "वाटाणे आणायला. आत."

जो शब्द त्यांनी खोडून खोडून काढला होता तो असा बाहेर आला. दाजींनी गाडी इतक्या जोरात वळवली की मध्यस्थबाई दारावर आदळल्या. परत येताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी होती, लांबलचक, सावकाश. भाऊ खाली उतरून आडव्या खांबापाशी उभा राहिला आणि डब्यांमागून जाणाऱ्या डब्यांकडे बघत ताई, ताई असं पुटपुटत राहिला. दाजी स्टिअरिंग धरून बसले होते. ते बायकोला कधी नावाने हाक मारत नसत, "अगं" म्हणत. "अगं," ते एकदाच म्हणाले, काचेकडे बघत.

कारखान्याच्या फाटकाचं कुलूप, अंगण, खटका. दार उघडलं तेव्हा पांढरी वाफ पायांवरून बाहेर आली. दोघांनी एकदम हाक मारली. ओ आली नाही.

ती दाराला लागूनच बसली होती, रिकाम्या पोत्यांत स्वतःला गुंडाळून, मांडीवर वाटाण्यांची पिशवी. डोळे उघडे होते. ती जिवंत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. तिने दोघांकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

दवाखान्यात मध्यस्थबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. बाहेर बाकावर दाजी आणि भाऊ खांद्याला खांदा लावून बसले होते, एकाच पेल्यातला चहा आळीपाळीने पीत. त्यांना बघून दोघं उठले.

"बोलतच नाही हो ती," दाजी म्हणाले. "माझ्याशीही नाही, याच्याशीही नाही. डॉक्टर म्हणतात, जिभेला काही झालेलं नाही."

"तुम्ही बघा ना जरा," भाऊ म्हणाला. "तुम्हाला जमेल. मध्ये पडा."

मध्यस्थबाई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. दारावर मारून मारून आणि थंडीने बोटं गेल्यासारखी झाली होती, किती वाचतील ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. मध्यस्थबाई स्टुलावर बसल्या. त्या आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करत आल्या होत्या, आता त्यांच्याच तोंडून शब्द फुटेना.

"हाक ऐकू आली नव्हती का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आली." ताईचा आवाज खरखरीत झाला होता. "ह्यांची हाक ऐकली. मी ओ देणारच होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भाऊची ओ आली." ती छताकडे बघत होती. "इतक्या दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलले. मी ऐकत उभी राहिले, बाई. एवढं बरं वाटलं मला. आणि दार लागलं."

मध्यस्थबाईंना भाऊचे शब्द आठवले. तोही तसाच ऐकत उभा राहिला होता, त्यालाही बरंच वाटलं होतं.

दारावर टकटक झाली. "अगं," दाजींचा आवाज. त्यामागून भाऊचा, "ताई? आम्ही आत येऊ का?"

ताईने डोळे मिटले. बाहेर दोघं वाट बघत थांबले होते. तिच्या वतीने उत्तर देऊन टाकायला मध्यस्थबाईंनी सवयीने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.